समानुभूती म्हणजे अंदाज नव्हे, विचारपूस



आपल्या मराठीच्या तासाला एक निबंध हमखास असतो, ‘शेतकऱ्याचे मनोगत’. पाचवी-सहावीपासून दहावीपर्यंत कधी ना कधी तो येतोच. वह्या तपासायला घ्या. बहुतेक वह्यांत शेतकरी एकच असतो. त्याच्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात, तो आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो, त्याने बैलजोडी विकलेली असते आणि शेवटी ‘मी जगाचा पोशिंदा, पण मीच उपाशी’ असं काहीतरी म्हणून तो निरोप घेतो. गाइडमधला शेतकरी तो. कुठल्या तरी अवर्षणाच्या मुलखातला.

आणि हे लिहिणारं मूल कोणाचं? अर्जुनी मोरगाव तालुक्यात इटियाडोहच्या कालव्यावर धान पिकवणाऱ्याचं. त्याच्या घरचं दुःख दरवेळी पाणी नसण्याचं नसतं. अनेकदा ते नको तेव्हा आलेल्या पाण्याचं असतं. धान कापून झाला, कडपा बांधीत पसरल्या, दोन दिवसांत उचलायच्या, आणि रात्री पाऊस आला. कडपा पाण्यात, लोंब्यांना कोंब. जे वाचलं ते घेऊन खरेदी केंद्रावर नंबर लावायचा आणि मग चुकाऱ्याची वाट पाहायची. हे सगळं त्या मुलाच्या डोळ्यांसमोर घडतं. बाबा जेवताना गप्प असतात हेही त्याला दिसतं. पण वहीत मात्र भेगाळलेली जमीन येते. कारण ‘बाबांना विचार’ असं त्याला कोणी सांगितलंच नाही. आपण सांगितलं, ‘तू शेतकरी आहेस अशी कल्पना कर.’

माझं म्हणणं असं आहे की समानुभूतीच्या नावाखाली आपण शाळेत आणि घरी जे शिकवतो ते बहुतेक वेळा हेच असतं. कल्पना कर. त्याच्या जागी स्वतःला ठेव. ‘तुझ्यासोबत असं झालं असतं तर तुला कसं वाटलं असतं?’ हे वाईट नाही, सुरुवात म्हणून ठीकच आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर आपण समोरच्याला समजून घेत नाही, त्याच्याबद्दल अंदाज बांधतो. आणि मनाच्या आरोग्याच्या बाबतीत चुकीचा अंदाज महाग पडतो.

‘समानुभूती’ हा शब्द आपल्याला नवा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा जीवन कौशल्यांत तो आहे, प्रशिक्षणांच्या पुस्तिकांत आहे, वर्णनात्मक नोंदींमध्ये ‘इतरांच्या भावना समजून घेतो’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच शेकड्याने लिहिलं आहे. सहानुभूती आणि समानुभूती यांतला फरकही फळ्यावर लिहिला जातो. खड्ड्यात पडलेल्याकडे वरून पाहून ‘अरेरे’ म्हणणं ही सहानुभूती, खाली उतरून त्याच्याजवळ बसणं ही समानुभूती. छान. पण उतरल्यावर करायचं काय, ते प्रशिक्षणाच्या दुसऱ्या सत्रात येणार असतं आणि तोवर जेवणाची सुट्टी होते.

या शब्दाची एक गंमत सांगतो. त्याचा इंग्रजी प्रतिशब्द तसा अलीकडचा. टिचनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९०९ साली तो एका जर्मन शब्दावरून घडवला. मूळ जर्मन शब्द माणसांसाठी नव्हे, कलेसाठी वापरात होता. चित्र किंवा शिल्प पाहताना आपण त्यात आपलं मन घालतो, त्या अनुभवाला ते नाव होतं. आता चित्र काही बोलत नाही, त्यामुळे पाहणाऱ्यालाच सगळं कल्पावं लागतं. माणूस मात्र बोलतो. त्याला विचारता येतं. आणि तरी आपण त्याच्याशी चित्रासारखंच वागतो. दुरून बघतो आणि मनात ठरवून टाकतो.

हे केवळ माझं मत आहे असं नाही. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एपली या तीन संशोधकांनी २०१८ मध्ये तब्बल पंचवीस प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध केले. प्रयोगात काही लोकांना सांगितलं होतं की समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवा आणि त्याला काय वाटतंय, काय आवडेल ते ओळखा. काहींना असं काही सांगितलं नव्हतं. समोरच्याच्या जागी जाऊन पाहणाऱ्यांचे अंदाज जास्त बरोबर यायला हवे होते ना? तसे ते आले नाहीत. एकमेकांना चांगलं ओळखणाऱ्या नवरा-बायकोंच्या बाबतीतही नाही. अंदाज सुधारला तो आधी प्रत्यक्ष विचारून, बोलून घेतलं तेव्हा.

याचं कारण शोधायला लांब जायला नको. आपण दुसऱ्याच्या जागी जातो ते आपलं डोकं, आपला पगार आणि आपलं बालपण बरोबर घेऊन. ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ असं आपण म्हणतो. म्हण खरीच आहे. मग ज्याला कळतं त्यालाच विचारायला काय हरकत आहे?

आपल्याच वर्गाचं बघू या. मार्च-एप्रिल, सकाळपाळीची शाळा. सातवीतला मुलगा पहिल्या तासापासून पेंगतोय. आपला अंदाज तयार असतो, रात्री मोबाइल पाहत बसला असणार. पण देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या जंगलालगतच्या गावात तो पहाटे अंधारात आईबरोबर मोह वेचून आलेला असू शकतो. मोहफुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत, गुरं पोचायच्या आत वेचावी लागतात. गावातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या शिक्षकाला सांगावं लागतं. आणि हो, कधी कधी त्याने खरोखरच रात्री मोबाइल पाहिलेला असतो! विचारल्याशिवाय दोन्हींतलं काय ते कळत नाही, एवढंच.

जुलै-ऑगस्टमध्ये एखादी मुलगी चार-चार दिवस येत नाही. ‘काऊन नाही आली?’ तर उत्तर येतं, ‘सर, रोवणा होता.’ आपण समजतो, ही रोवणीला गेली. बरेचदा रोवणीला आई गेलेली असते आणि ही घरी धाकट्या भावाला सांभाळत असते. दिवसभर एकटी. नऊ-दहा वर्षांची मुलगी, बाहेर पाऊस आणि आत रडणारं पोर. तिच्या मनात त्या चार दिवसांत काय काय येऊन गेलं असेल हे हजेरीपटावरच्या ‘गै’ मध्ये दिसत नाही. धानाची कामं संपली की आपल्या भागातली कितीतरी कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. मुलं आजीपाशी राहतात. अशा मुलाच्या वहीवर पालकाची सही नाही म्हणून त्याला उभं केलं, तर आपण त्याला नेमकी कशाची शिक्षा दिली?

भाषेचंही असंच आहे. आपल्या जिल्ह्यात घरी पोवारी बोलणारी मुलं आहेत, गोंडी, हलबी, छत्तीसगढी, हिंदी बोलणारी आहेत, आणि जी घरी मराठी बोलतात त्यांचीही मराठी झाडीपट्टीची आहे, पुस्तकातली नाही. मन दुखलं की माणूस घरच्या भाषेत दुखतं. त्या दुखण्याला पुस्तकी मराठीत काय म्हणायचं हे मुलाला ठाऊक नसतं. मग ते म्हणतं, ‘सर, पोट दुखते.’ आठवड्यातून तिसऱ्यांदा पोट दुखतं तेव्हा आपण ‘नाटकं करतोय’ म्हणून मोकळे होतो. लहान मुलं मनाचं दुखणं पोटावर, डोक्यावर ढकलतात हे बालरोगतज्ज्ञ कधीपासून सांगत आले आहेत. त्याला म्हणा, ‘तुझ्या घरच्या बोलीत सांग.’ तुम्हाला अर्धंच कळलं तरी त्याचं अर्धं हलकं होतं. अगदीच कळत नसेल तर गावातल्या अंगणवाडीताई, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या काकू यांची मदत घेता येते. वर्गातल्या दुसऱ्या मुलाला मात्र दुभाषी करू नका. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळेल.

हे सगळं इतकं महत्त्वाचं का, ते एकदा आकड्यांत सांगून टाकतो, कारण आकडे वाचायलाही जड आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले होते. कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक त्रास असल्याचं दिसलं. चाळीसच्या वर्गात साधारण तीन मुलं. अशा घटनेमागे एकच कारण क्वचित असतं. एका रागावण्याने किंवा एका विषयात नापास झाल्याने हे घडलं, असं बाहेरून बोलणारे बहुधा अंदाजच करत असतात. पण ‘याला कोणीतरी आधी विचारलं होतं का?’ हा प्रश्न मागे राहतोच.

विचारल्याने खरंच काही होतं का? विदर्भातलंच उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. शेतकरी आत्महत्यांनी सगळा प्रदेश हादरलेला होता, त्या काळातली गोष्ट. मोठमोठे डॉक्टर गावात आणून बसवणं शक्यच नव्हतं. म्हणून गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना तयार केलं. घरोघर जाऊन बोलायचं, ऐकायचं, नैराश्याची लक्षणं ओळखायची, धीर द्यायचा. त्यांच्या वर थोडं जास्त प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक, आणि फारच गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. प्रकल्पाआधी नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चारजण उपचारासाठी कोणाकडे तरी जात होते. नंतर हे प्रमाण सत्तावीसवर गेलं. नेमके आकडे ४.३ टक्के आणि २७.२ टक्के. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’ या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. गावाला नवीन काय मिळालं? औषधं तर आधीही कुठेतरी होतीच. विचारणारं माणूस दारात आलं, हा मोठा फरक होता असं मला वाटतं. आणि ते माणूस गावातलंच होतं, त्याला रोवणा, चुकारा हे शब्द समजावून सांगावे लागत नव्हते, आपल्याकडे करायचं तर हाच भाग सर्वांत महत्त्वाचा.

इथे एक अवघड गोष्ट बोलून घेतो. घरात कोणाचं मन बिघडलं की आपल्याकडे अजूनही ‘बाहेरचं झालं’ म्हणून मांत्रिकाकडे नेतात. आपण शिक्षक त्यावर हसतो, भाषण देतो, जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे हे सांगतो. सांगायलाच हवं. पण लोक तिथे का जातात हे कधी त्यांना विचारलं का? एक कारण मला असं दिसतं की मांत्रिक विचारतो. कधीपासून होतंय, स्वप्नात काय येतं, घरात कोण गेलं, कोणाशी भांडण झालं. तासभर तो तेवढं एकच घर ऐकतो. दवाखान्यात दोन मिनिटं मिळतात, शाळेत तेवढीही नाही. त्याची उत्तरं चुकीची आणि कधी कधी घातक असतात, यात शंका नाही. पण त्याचे प्रश्न आपण का विचारत नाही? मयतीच्या घरी कसं वागायचं हे आपल्या गावांना पक्कं ठाऊक आहे. त्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण नेतात, ओटीवर नुसते बसून राहतात, फार बोलत नाहीत. मन आजारी असलेल्या घरी कसं जायचं, हे मात्र आपल्याला कोणी शिकवलेलं नाही. मग आपण जातच नाही, किंवा जाऊन सल्ला देऊन येतो.

सल्ला हा विचारपुशीचा मोठा शत्रू. मूल एक वाक्य बोलतं आणि आपण दहा बोलतो. ‘अरे एवढंच ना!’, ‘आमच्या काळी तर आम्ही पाच कोस चालत जायचो’, ‘तू लक्षच देऊ नको’. मूल मान हलवतं. त्याला कळलेलं असतं की आता ऐकण्याची आपली पाळी आली.

मराठीत दोन शब्द आहेत, चौकशी आणि विचारपूस. दोन्हींत प्रश्नच असतात, पण चौकशी लागते आणि विचारपूस होते. चौकशीत विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं, विचारपुशीत त्याला माणूस हवा असतो. ‘का केलंस?’ म्हटलं की मूल कारण शोधू लागतं, आणि कारण सापडलं नाही की खोटं बोलतं. ‘काय झालं?’ म्हटलं की ते घडलेलं सांगू लागतं. शब्द एवढासा बदलतो. जागाही महत्त्वाची. सगळ्या वर्गासमोर उभं करून प्रेमाने विचारलं तरी ती चौकशीच होते. झाडांना पाणी घालताना, खिचडी वाढताना, मैदानावरून परत येताना, म्हणजे दोघंही एकाच दिशेला तोंड करून काहीतरी करत असताना, मुलं जास्त बोलतात. मोठी माणसंही. बापलेकाचं खरं बोलणं बांधावर होतं, समोरासमोर खुर्च्या टाकून होत नाही. विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर गप्प राहायचं. ही गप्प राहण्याची सवय आम्हा शिक्षकांना अजिबात नसते, पंचेचाळीस मिनिटांच्या तासात शांतता म्हणजे तास वाया गेला असं आम्हाला वाटतं. ‘आज नको सांगूस. मी उद्या पुन्हा विचारीन,’ एवढं म्हणावं आणि उद्या खरंच विचारावं. हे शेवटचं सर्वांत अवघड आहे.

आता तो मनोगताचा निबंध. मला वाटतं तो बंद करू नये, उलटवावा. आधी मुलाखत, मग मनोगत. दिवाळीच्या सुट्टीत, जेव्हा हलका धान निघालेला असतो आणि गावोगावी मंडई भरलेली असते, तेव्हा प्रत्येक मुलाने घरातल्या किंवा शेजारच्या एका मोठ्या माणसाशी बोलून यायचं. आई, आजोबा, बस चालवणारे काका, विड्या वळणारी मावशी, कोणीही. प्रश्न मुलांनीच ठरवायचे, पण दोन-तीन आपण द्यायचे. ‘या वर्षी तुम्हाला झोप न येण्यासारखं काय झालं?’ ‘तेव्हा कोणी विचारलं का?’ ‘लोकांना तुमच्या कामाबद्दल काय माहीत नाही?’ उत्तर त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत लिहून आणायचं. अट एकच. सांगणाऱ्याला वाचून दाखवायचं आणि ‘हे वर्गात सांगू का?’ म्हणून विचारायचं. नाही म्हटलं तर नाही. हा नकार ऐकून घेणं हासुद्धा समानुभूतीचाच धडा आहे. मग त्यावरून मनोगत लिहायचं. भाषा थोडी ओबडधोबड येईल. अलंकार कमी होतील. दहापैकी गुण देताना मी तरी तीन गुण मुलाने विचारलेल्या प्रश्नांना ठेवीन, कारण गाइडमध्ये उत्तरं मिळतात, प्रश्न मिळत नाहीत.

‘सर, साठ-साठ मुलं, कधी विचारायचं?’ हा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खोटा नाही. दुसरा आक्षेप त्याहून जोरात येतो, ‘असं विचारत बसलो तर पोरं डोक्यावर बसतील.’ शिस्तीबद्दल एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पाच शाळांमधल्या एकतीस गणित शिक्षकांवर तो झाला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शिक्षकांकडून एक छोटासा ऑनलाइन स्वाध्याय करून घेतला, सगळा मिळून तासाभराचा. मुलं चुकीचं का वागतात याची कारणं वाचायची, मुलांचे अनुभव वाचायचे, आणि शिस्त लावतानाही नातं कसं टिकवता येईल ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं. बस. त्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांपैकी वर्षभरात शाळेतून निलंबित झालेल्यांचं प्रमाण ४.८ टक्के राहिलं, बाकीच्यांचं ९.६ टक्के. निम्मं. अमेरिकेतली शाळा आणि आपली जिल्हा परिषदेची शाळा एक नाही हे मान्य. पण गणिताच्या शिक्षकांवर हा प्रयोग झाला हे मला आवडलं. समानुभूती ही मराठी आणि मूल्यशिक्षणवाल्यांनीच बघायची गोष्ट, असं आपल्याकडे धरलेलं असतं! आणि साठ मुलांना रोज विचारायचं नसतंच. ज्याचं वागणं नेहमीपेक्षा बदललंय त्याला विचारायचं. बडबड्या गप्प झाला, गप्प राहणारी भांडखोर झाली, डबा परत जाऊ लागला, अक्षर एकदम बिघडलं. ही निरीक्षणं आपण करतोच, फक्त आपण त्यांची तक्रार बनवतो.

एक मर्यादाही सांगायला हवी. विचारलं की उत्तर येतं, आणि ते कधी कधी आपल्या आवाक्याबाहेरचं असतं. म्हणून ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असं वचन मुलाला कधीही देऊ नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर ती पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं तर पालकांना विश्वासात घ्यावंच लागतं, त्याला एकटं सोडता येत नाही. त्यापेक्षा असं म्हणावं, ‘तुला सुरक्षित ठेवायला ज्याला सांगावं लागेल त्यालाच सांगेन, आणि आधी तुला सांगून.’ आपण शिक्षक आहोत, मानसोपचारतज्ज्ञ नाही. आपलं काम दारापर्यंत पोचवण्याचं. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, ऑक्टोबर २०२२ पासून. त्यावर मराठीत बोलता येतं, आणि फोन शिक्षकाने केला तरी चालतो. मुलांसाठी १०९८ आहे. गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की मानसोपचार विभाग असतोच. हे दोन क्रमांक मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या फाइलमध्ये ठेवण्याऐवजी मुलांना दिसतील अशा भिंतीवर, पाण्याच्या टाकीजवळ लिहिले तर बरं.

पालकांनो, तुमच्याबद्दल थोडं. शाळेतून आल्यावर मुलाला पहिला प्रश्न कोणता जातो? बहुतेक घरांत ‘किती मार्क पडले?’ किंवा ‘गृहपाठ काय दिला?’. आणि दुसरा, ‘त्याला किती पडले?’ शेजारच्या पोराचं नाव घेऊन. तुलना करणाऱ्या आईबाबांचं प्रेम कमी असतं असं मुळीच नाही, भीती जास्त असते. दोन एकर धानावर भागत नाही, पोरगं शिकलं नाही तर काय, ही भीती खरी आहे. पण मुलाला भीती ऐकू येत नाही, फक्त तुलना ऐकू येते. आपल्याकडे प्रेमाने विचारायचा एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, ‘जेवलास का?’ आजी फोनवरही तोच विचारते. त्यात मार्क नाहीत, चौकशी नाही. तेवढाच एक प्रश्न थोडा वाढवता येईल. आणि घरात आईला तो कोण विचारतं, हे मूल बघत असतं. सगळ्यांचं झाल्यावर एकटी जेवणाऱ्या आईला ज्या घरात ‘तू जेवलीस का?’ असं कोणी विचारत नाही, त्या घरातल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘इतरांच्या भावना समजून घेतो’ हे वाक्य मी कितीही सुंदर अक्षरात लिहिलं तरी उपयोग काय? बाबांचंही तसंच. कडपा भिजल्या त्या रात्री बाबांना कोणी काही विचारलं नाही, सगळे घाबरून गप्प बसले, तर मुलगा शिकतो की पुरुषाने असं गप्पच राहायचं असतं. तो मोठा होऊन तेच करणार.

राहता राहिले आपण शिक्षक. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती ‘आजच्या आज’, निवडणुकीचं काम, आणि दुपारी तीनला कोणीतरी येऊन विचारतं, पटसंख्या का घटली? ज्याला महिनोन्‌महिने कोणी विचारत नाही, त्याने साठ मुलांना विचारावं ही अपेक्षाच जरा विचित्र आहे. जंगलातल्या गावात एकट्याने खोली करून राहणारा तरुण शिक्षक, घर दोन-अडीचशे किलोमीटरवर. लहान मूल घरी ठेवून रोज चाळीस किलोमीटर ये-जा करणारी ताई. यांच्यात कोण कोलमडायला आलंय हे सहकाऱ्यांनाच आधी कळतं, अधिकाऱ्यांना नाही. आपल्या केंद्राची शिक्षण परिषद होते. तिथे गुणवत्तेच्या तक्त्यांआधी पहिली पंधरा मिनिटं शेजारी बसलेल्याला फक्त ‘कसं चाललंय?’ विचारायला आणि उत्तर ऐकायला ठेवता येतील. सल्ला द्यायचा नाही, टिपण घ्यायचं नाही, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. केंद्रप्रमुखांनी विषयपत्रिकेत तसं लिहिलं तर उत्तम. नाही लिहिलं तरी चहा तसाही पंधरा मिनिटं उशिराच येतो.